सिंथेटिक रबराचं क्युअरिंग: टीएमटीडी काढा, झिंक उतरवा

क्युअरिंग म्हणजे उष्णता देऊन रबराच्या साखळ्या एकमेकींना जोडणं. एसबीआर, एनबीआर किंवा ईपीडीएम या सिंथेटिक रबरांच्या गंधकवाल्या कंपाउंडमध्ये (रबर आणि रसायनांच्या मिश्रणात) प्रदूषणाच्या दृष्टीनं खरी डोकेदुखी दोनच: अ‍ॅक्सिलरेटर (क्युअरिंगचा वेग वाढवणारं रसायन) आणि त्याला साथ देणारं झिंक ऑक्साइड. दोन्ही एकदम बदलू नका. बॅच बिघडली तर दोष कुणाचा ते कळत नाही. खालची सगळी मापं १०० भाग रबरामागे आहेत.

आधी अ‍ॅक्सिलरेटर. टीएमटीडी हा अ‍ॅक्सिलरेटर तापला की दुय्यम अमाइन सुटतं, नायट्रोजन ऑक्साइडशी संयोग होऊन त्याचं कॅन्सरकारक नायट्रोसामाइन बनतं. नायट्राइटयुक्त सॉल्ट बाथमध्ये (वितळलेल्या क्षारात) प्रोफाइल (लांब पट्ट्या) क्युअर होत असतील तर धोका आणखी वाढतो. त्याऐवजी टीबीझेडटीडी हा अ‍ॅक्सिलरेटर घ्या. याचा रेणुभार सुमारे ५४५, टीएमटीडीचा २४०. म्हणून वजनास वजन बदललं तर क्युअर कच्चं राहतं. हिशेबानं १ भागाला २.२७ भाग येतात. २ भागांपासून सुरुवात करा आणि र‍्हिओमीटरवर टॉर्क (हे यंत्र मोजतं तो रबराचा वळण्याला होणारा विरोध) व टी९० (९० टक्के क्युअरला लागणारा वेळ) जुन्या कंपाउंडशी जुळेपर्यंत मागेपुढे करा. जोडीला सीबीएस हा अ‍ॅक्सिलरेटर चालेल. एमबीएस मात्र नको. त्यातल्या मॉर्फोलिनमुळे तोच प्रश्न परत येतो.

आता झिंक. सवयीनं ५ भाग टाकले जातात, आणि घासून-झिजून ते शेवटी पाण्यात जातं. जलचरांना ते विषारी. जास्त पृष्ठफळाचं अ‍ॅक्टिव्ह झिंक ऑक्साइड वापरून ३ वर या, मग २ वर. स्टिअरिक अ‍ॅसिड १ ते २ भाग तसंच ठेवा. कमाल टॉर्क घसरला किंवा कॉम्प्रेशन सेट (दाबून सोडल्यावर राहणारा कायमचा चपटेपणा) वाढला, तर आधीच्या पायरीवर परता. कापलेल्या तुकड्यात पांढरे ठिपके दिसले तर झिंकच्या गुठळ्या फुटलेल्या नाहीत. बारीक पावडर सुटी टाकण्यापेक्षा मास्टरबॅच (आधीच रबरात मिसळून ठेवलेली पावडर) बरा.

ईपीडीएम असेल तर गंधक आणि झिंक दोन्ही सोडून पेरॉक्साइडकडे जाता येतं. सुरुवातीचा फॉर्म्युला: एन५५० कार्बन ब्लॅक ७०, पॅराफिनिक तेल ३०, टीएमक्यू (अँटिऑक्सिडंट) १, ४० टक्क्यांचं डीसीपी (हेच पेरॉक्साइड) ७, टीएआयसी (पेरॉक्साइडला साथ देणारं रसायन) १.५. पेरॉक्साइड सर्वांत शेवटी, कंपाउंड ११० अंश सेल्सिअसच्या खाली असताना. प्रेस १७० अंशांवर, पातळ वस्तूला १० मिनिटं. प्रेस लवकर उघडू नका: सहा अर्धायुष्यं (निम्मं पेरॉक्साइड संपायला लागतो तो वेळ म्हणजे एक) गेली की ९८ टक्के पेरॉक्साइड संपतं, त्याआधी काढलेल्या मालात उरलेलं पुढे त्रास देतं.

इथं फसवणाऱ्या गोष्टी तीन. अ‍ॅरोमॅटिक तेल पेरॉक्साइडपासून बनणारे, साखळ्या जोडणारे रॅडिकल खाऊन टाकतं. आम्लधर्मी क्ले (भराव म्हणून टाकलेली माती) पेरॉक्साइड वाया घालवतो. आणि गरम हवेच्या ओव्हनमध्ये क्युअर केलं तर ऑक्सिजनमुळे पृष्ठभाग चिकट राहतो, म्हणून बंद मोल्डच हवा. ब्यूटाइल रबराला हा मार्ग बंदच. पेरॉक्साइडनं त्याच्या साखळ्या तुटतात आणि माल मऊ पडतो.

डीसीपीचा उग्र वास अ‍ॅसिटोफेनोनचा. १५० अंशांवर २ ते ४ तास पोस्ट-क्युअर केलं (माल मोल्डबाहेर पुन्हा तापवला) की मालातून तो जातो, पण नाहीसा होत नाही, धुराड्यात जातो. म्हणून एक्झॉस्टला कार्बन फिल्टर लावा किंवा कमी वासाचं बिस-पेरॉक्साइड घ्या. त्याला थोडं जास्त तापमान लागतं, १८० अंशांच्या आसपास.