उन्हाळ्यात सौर पंप चालवताना: आधी विहीर बघा, मग ऊन

ऊन तापायला लागलं की सौर पंप सकाळपासून संध्याकाळपर्यंत जास्त तास चालतो आणि नेमके त्याच दिवसांत विहिरीचे झरे आटलेले असतात. वीजबिल नाही म्हणून पंप दिवसभर सोडून देण्याचा मोह होतो. तसं करू नका. उपसा किती करायचा, हे विहिरीत पाणी किती येतं त्यावर ठरवा.

त्यासाठी पातळी मोजा. सकाळी पंप सुरू करण्यापूर्वी एकदा आणि दोन तास उपसा झाल्यावर पुन्हा एकदा. विहिरीत दोरीला वजन बांधून काम भागतं. बोअरमध्ये मात्र दोरी केबलला अडकते, तिथे मोजणीसाठी बारीक पाइप वेगळा सोडलेला बरा. पंपाला पाणी उचलावं लागतं ते उपशानंतरच्या पातळीपासून, म्हणून दुसरा आकडा महत्त्वाचा.

1,000 लिटर पाणी 1 मीटर वर चढवायला सुमारे 2.7 वॅट-तास ऊर्जा लागते. म्हणजे 50,000 लिटर 30 मीटरवरून काढायला साधारण 4.1 युनिट, आणि पंप-मोटरमधली घट धरली तर प्रत्यक्षात त्याच्या दुपटीच्या आसपास. पातळी 45 मीटरवर गेली की तेवढ्याच विजेत पाणी एक तृतीयांशाने कमी येतं. ठिबकला 1 किलो दाब हवा असेल तर आणखी 10 मीटर उंची धरा. त्यामुळे पाणी कमी पडलं की लगेच पॅनेलला दोष देऊ नका.

मोटर कोरडी चालू नये म्हणून पातळीचा सेन्सर बसवा. आधीपासून असेल तर तो खरंच पंप बंद करतो का, हे एकदा समोर उभं राहून तपासा. बंद झालेला पंप पुन्हा सुरू होण्याआधी विहीर भरायला पुरेसा अवकाश कंट्रोलरमध्ये ठेवा. पंप दर पाच मिनिटांनी चालू-बंद होत असेल, तर वेग कमी करून सलग चालवणं चांगलं.

पॅनेलची क्षमता 25 अंश तापमानाला मोजलेली असते. त्यापुढे प्रत्येक अंशाला साधारण 0.3 ते 0.4 टक्के घट होते, आणि कडक उन्हात पॅनेल 60 अंशांच्या पुढेही तापतं. म्हणून पॅनेलच्या खालून वारा खेळू द्या, तिथे भुसा-कडबा रचू नका. धूळ पहाटे, काच थंड असताना, मऊ फडक्याने पुसा. भर दुपारी तापलेल्या काचेवर पाणी मारलं तर ती तडकू शकते. बोअरचं पाणी क्षारयुक्त असेल तर त्याचा पांढरा थर धुळीपेक्षा चिवट बसतो.

दुपारी तुषार सिंचन नको; वाऱ्याने आणि उन्हाने बरंच पाणी उडून जातं. पंपाने दिवसा टाकी भरा आणि पिकाला पहाटे पाणी द्या. बॅटरीपेक्षा टाकीत साठवण सोपी पडते. टाकी झाकलेली हवी, नाहीतर शेवाळ धरतं आणि ठिबकच्या तोट्या बुजतात. फिल्टर टाकीनंतर बसवा.

वळवाच्या वादळाआधी पॅनेलचे नटबोल्ट आवळा, अर्थिंगची जोडणी बघा. मात्र स्विच बंद केला तरी उजेड आहे तोवर पॅनेलकडून येणाऱ्या वायरीत वीज असते, त्यामुळे वायर उघडायची असेल तर जाणकार माणसालाच बोलवा.