अंगणवाडीत दिव्यांग मूल आलं, की आधी बैठक बघा

नव्याने रुजू झालेली सेविका बहुधा विचारते, "याला शिकवायचं काय?" त्याआधी बघायचं, ते बसतं कसं. सेरेब्रल पाल्सीचं, म्हणजे मेंदूतल्या इजेमुळे स्नायूंवर ताबा कमी असलेलं मूल आधाराविना बसवलं, तर त्याची सगळी ताकद न पडण्यात जाते. हात खेळण्यापर्यंत पोचत नाहीत, आणि आपण म्हणतो, याला रसच नाही.

खोलीचा कोपरा घ्या. दोन भिंतींचा पाठीला आधार. दोन्ही कुशींना गोधडीची घट्ट वळकटी, मांड्यांमध्ये लहान उशी, म्हणजे पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढत नाहीत. स्टुलावर बसवलं तर तळपाय टेकलेच पाहिजेत. लोंबकळत असतील तर खाली पाट सरकवा. मात्र बाकीची मुलं गोल करून लांब बसली असतील, तर हे मूल कोपऱ्यात टाकल्यासारखंच झालं. गोलच कोपऱ्याकडे न्या. चालती मुलं हलवणं सोपं.

सगळ्यात जास्त चुका खिचडीच्या वेळी होतात. डोकं मागे टाकून, वरून घास सोडला की तो श्वासनलिकेत जाऊ शकतो. समोर, मुलाच्या नजरेच्या पातळीवर बसा. हनुवटी किंचित खाली, घास अर्धा चहाचा चमचा, पहिला गिळल्यावरच दुसरा. अनेकांना मऊ घट्ट खिचडीपेक्षा पाण्याचाच ठसका लवकर लागतो. जेवणानंतर अर्धा तास आडवं करू नका. दर जेवणाला ठसका लागत असेल किंवा आवाज घरघरत असेल, तर भरवणं थांबवून डॉक्टरांना दाखवा.

ऐकू कमी येणाऱ्या मुलासमोर खिडकीकडे पाठ करून गाणं म्हणू नका. तुमचं तोंड अंधारात जातं. कमी दिसणाऱ्याला स्टीलच्या ताटलीतला भात दिसत नाही, गडद रंगाची ताटली द्या. स्वमग्न मुलाच्या हातात जेवणाआधी रिकामी वाटी द्या. अचानक भांडी वाजण्यापेक्षा ती खूण त्याला कळते.

"आधी दिव्यांगत्वाचा दाखला आणा, मग बसवू" असं पालकांना सांगू नका. अंगणवाडीत यायला दाखला लागत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेला केंद्राचा दिव्यांग बालकांसाठीचा अंगणवाडी प्रोटोकॉल वाचून ठेवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक मुलांच्या तपासणीला वर्षातून दोनदा येतं. शंका असेल तर तोवर थांबू नका, आशाताईंमार्फत पुढे पाठवा.

मूल सहा वर्षांचं होऊन पहिलीत निघालं, की त्याच्या बैठकीचा फोटो पालकांच्या मोबाइलवर द्या. नव्या बाईंना तोंडी वर्णनावरून उशी कुठे ठेवायची ते कळत नाही.