गाळ्यातल्या वायफायवरून मेल पाठवताना

सांगलीच्या मार्केट यार्डात मी हळदीच्या अडतीचे हिशेब बघते. सौद्याच्या दिवसांत एकाच वायफायवर दिवाणजी, तोलाईदार, बाहेरगावचे खरेदीदार, त्यांचे ड्रायव्हर असे सगळे असतात. पासवर्ड भिंतीवर लिहिलेला. त्याच वायफायवरून शेतकऱ्यांच्या पट्ट्या (मालविक्रीचे हिशेब) आणि बँक खात्यांचे नंबर सीएंकडे जातात. वर्षभराच्या कष्टाचा पैसा आहे तो, म्हणून मला याची काळजी वाटते.

इंजिनिअरिंगला असलेल्या भाच्याने एकदा माझ्याच संगणकावर वायरशार्क (नेटवर्कवरून जाणारी माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) लावून दाखवलं. मेलचं जुनं सेटिंग पोर्ट ११० चं, म्हणजे मेल उघडाच आणणाऱ्या दाराचं होतं. माझा मेलचा पासवर्ड अक्षर न् अक्षर वाचता येत होता! त्याच दिवशी बदलला.

तुम्हीही आधी मेल अ‍ॅपचं सेटिंग उघडा. येणाऱ्या मेलसाठी आयमॅप (मेल सर्व्हरवर ठेवून वाचायची पद्धत) असेल तर पोर्ट ९९३, पॉप (मेल उतरवून घ्यायची पद्धत) असेल तर ९९५. जाणाऱ्यासाठी ४६५, किंवा ५८७ आणि स्टार्टटीएलएस (साध्या जोडणीवर टीएलएस, म्हणजे वाटेपुरतं सांकेतिक आवरण, चढवायची पद्धत). ‘उपलब्ध असल्यास टीएलएस’ असा पर्याय दिसला तर तो घेऊ नका; मधल्या कोणी ‘उपलब्ध नाही’ असं भासवलं की अ‍ॅप निमूटपणे उघडा मेल पाठवतं. ब्राउझरमध्ये जीमेल २०१४ पासून एचटीटीपीएसवरच, म्हणजे टीएलएसच्या आवरणातूनच चालतं. पण सर्टिफिकेटचा (साइटच्या ओळखपत्राचा) इशारा आला तर ‘तरीही पुढे जा’ कधीच दाबू नका. वायफाय सोडा, मोबाइलचा डेटा वापरा.

एवढ्यावर बरेच जण थांबतात. मी थांबत नाही. टीएलएस म्हणजे ट्रकवरची ताडपत्री. सर्व्हरच्या गोदामात ती निघते, पुढच्या ट्रकवर पडेलच याची खात्री नसते. पोत्याची शिवण मात्र घेणाऱ्याच्या दारापर्यंत टिकते. म्हणून पट्ट्यांची फाइल मी सेव्हन-झिप या फाइल बांधायच्या सॉफ्टवेअरमध्ये पासवर्ड घालून बांधते, ‘फाइलची नावंही एन्क्रिप्ट करा’ ही खूण करून. एईएस-२५६ (फाइल सांकेतिक करायची मजबूत पद्धत) लागतं, पासवर्ड लांब हवा, पॅन किंवा जन्मतारीख नको. मेलचा विषय आणि मजकूर मात्र उघडाच राहतो, तिथे शेतकऱ्याचं नाव घालू नका.

रोजचाच व्यवहार असेल तर थंडरबर्ड या मेलच्या सॉफ्टवेअरमध्ये २०२० च्या ७८ व्या आवृत्तीपासून ओपनपीजीपी (मेलचा मजकूरच किल्लीने कुलूपबंद करायची सोय) आत आहे. दोघांनी एकमेकांच्या सार्वजनिक किल्ल्या (कुलूप लावायच्या, कुणालाही देता येणाऱ्या) घ्यायच्या आणि फोनवर किल्लीचा ठसा, म्हणजे तिची अक्षर-आकड्यांची ओळखखूण, वाचून जुळवायचा.

झिपचा पासवर्ड मेलने पाठवू नका, फोनवर सांगा. मी त्यासाठी गाळ्यातून बाहेर रस्त्यावर येते. सौद्याच्या गलक्यात तो ओरडून सांगावा लागतो.