कर्करोगविरोधी औषधांची पेशींवरील चाचणी: या चुका टाळा

मानवी गाठींपासून मिळवलेल्या पेशींवर औषध घालायचे, तीन दिवसांनी किती पेशी जगल्या ते मोजायचे आणि आयसी५० (पेशींची वाढ निम्म्यावर आणणारी औषधाची मात्रा) काढायचा, एवढे हे काम सरळ दिसते. त्यामुळे नवशिक्यांना पहिल्याच आठवड्यात आलेख हवा असतो आणि ज्या पेशींवर तो काढायचा त्यांची साधी चौकशीही कोणी करत नाही.

सर्वांत महागात पडते ते मायकोप्लाझ्माकडे केलेले दुर्लक्ष. या जिवाणूंना पेशीभित्तिका नसल्याने पेनिसिलिन त्यांचे काही बिघडवू शकत नाही, मीडियम (पेशी वाढवण्याचा पोषक द्रव) गढूळ होत नाही आणि रोजच्या सूक्ष्मदर्शकाखाली ते दिसतही नाहीत. माझ्या माहितीतील एका प्रयोगशाळेत स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या पेशी जेमसायटाबिन या कर्करोगविरोधी औषधाला दाद देईनाशा झाल्या. तेथील विद्यार्थ्याने मात्रा वाढवली, औषधाची नवी कुपी मागवली आणि अखेरीस आपल्याला प्रतिरोधक पेशी गवसल्या आहेत असे मानून जनुकीय तपासणीची तयारीही चालवली. आधी मायकोप्लाझ्मासाठी पीसीआर (त्याचा डीएनए शोधणारी चाचणी) करा, असा आग्रह मी धरला, आणि पेशी दूषित निघाल्या. मायकोप्लाझ्मा हायोरायनिससारख्या जातींकडे सायटिडिन डीअमिनेज हे विकर असते आणि ते जेमसायटाबिनला पेशींपर्यंत पोहोचण्याआधीच निष्क्रिय करू शकते. द्रवरूप नायट्रोजनमधल्या जुन्या, स्वच्छ साठ्यातून पेशी पुन्हा वाढवल्यावर त्या नेहमीच्याच मात्रेला मेल्या.

बाहेरून आलेली प्रत्येक सेल लाइन (एकाच उगमाच्या, प्रयोगशाळेत वाढवत ठेवलेल्या पेशी) तपासणीचा निकाल हाती येईपर्यंत मी वेगळ्या इनक्युबेटरमध्ये ठेवतो आणि वापरातल्या पेशींची दर महिन्याला पीसीआर चाचणी करतो. मीडियममध्ये कायम प्रतिजैविके घालण्याला माझा ठाम विरोध आहे, कारण त्यामुळे हाताची अस्वच्छता झाकली जाते, दूर होत नाही. दूषित फ्लास्क औषध देऊन वाचवण्याच्या खटपटीत न पडता तो नष्ट करावा.

पेशी ज्या नावाने आल्या त्याच आहेत, हेही गृहीत धरू नका. एमडीए-एमबी-४३५ ही सेल लाइन अनेक वर्षे स्तनाच्या कर्करोगाची म्हणून वापरली गेली. प्रत्यक्षात ती एम१४ या मेलानोमाच्या (त्वचेच्या एका कर्करोगाच्या) पेशींची आहे. १९५१ मध्ये वेगळ्या केलेल्या हेला या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या पेशी तर इतक्या जोमाने वाढतात की त्यांनी कित्येक सेल लाइन्सची जागा नकळत घेतली. शेजारच्या प्रयोगशाळेतून स्नेहापोटी मिळालेला फ्लास्क एसटीआर तपासणीशिवाय (डीएनएवरून पेशींची ओळख पटवल्याशिवाय) वापरणे मला मुळीच मान्य नाही.

पेशींच्या संख्येबाबतची घाईही अशीच नडते. ९६ वेलच्या (खळग्यांच्या) प्लेटमध्ये सुरुवातीलाच जास्त पेशी पेरल्या की ७२ तास पुरे होण्याआधी कंट्रोलमध्ये (औषध न घातलेल्या वेलमध्ये) जागा उरत नाही, विभाजन मंदावते आणि पॅक्लिटॅक्सेलसारखे, विभाजित होणाऱ्या पेशींवर काम करणारे औषध विनाकारण दुबळे ठरते. म्हणून प्रत्येक सेल लाइनचा वाढीचा आलेख औषधाविना आधी काढावा, आणि औषध घालण्याच्या क्षणी एक स्वतंत्र प्लेट मोजून ठेवावी. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या ६० सेल लाइन्सच्या चाचणीतही अशी सुरुवातीची मोजणी असते. तिच्याशिवाय पेशी मेल्या की नुसत्या वाढायच्या थांबल्या, हे कळत नाही.

सिस्प्लॅटिन हे प्लॅटिनमयुक्त औषध डीएमएसओ या द्रावकात विरघळवू नका. डीएमएसओतील गंधक प्लॅटिनमशी जोडला जाऊन औषधाचा प्रभाव घटतो, म्हणून सलाइन वापरा. इतर औषधांसाठी डीएमएसओ वापरत असाल तर त्याचे प्रमाण कंट्रोलमध्येही तितकेच हवे. प्लेटच्या कडेच्या वेलमधून बाष्पीभवन जास्त होते, तेथे फक्त बफर भरा. वनस्पतींचे अर्क तपासताना पेशी नसलेल्या वेलमध्येही अर्क आणि एमटीटी (जिवंत पेशींमुळे जांभळे होणारे, त्यांच्या मोजणीसाठीचे रंगद्रव्य) घालून पाहा, कारण काही अर्क स्वतःच एमटीटीला जांभळे करतात. आणि एकाच प्लेटवरील तीन वेल म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. वेगळ्या दिवशी, वेगळ्या पॅसेजच्या (नव्या फ्लास्कमध्ये हलवण्याच्या वेगळ्या फेरीच्या) पेशींवर, औषध नव्याने विरल करून केलेली चाचणीच मी दुसरा प्रयोग म्हणून मोजतो.