कॉर्टिसॉलची कमतरता : ओळख, तपासण्या आणि घरात ठेवायचे इंजेक्शन

मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या दोन अ‍ॅड्रीनल ग्रंथी कॉर्टिसॉल आणि आल्डोस्टेरॉन ही संप्रेरके तयार करतात. पहिले रक्तदाब आणि साखर सांभाळते, दुसरे शरीरातले मीठ. ग्रंथींचीच हानी झाली तर दोन्ही घटतात. मेंदूतल्या पियुषिका ग्रंथीकडून येणारा आदेश कमी पडला तर मुख्यतः कॉर्टिसॉल घटते. थकवा, अन्नावरची वासना उडणे, वजन उतरणे, उठून उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी येणे ही लक्षणे इतकी सामान्य आहेत की रुग्ण कित्येक महिने ‘अशक्तपणा’साठी सलाइन लावून घेत राहतो. सलाइन चढवले की दोन दिवस उभारी येते आणि पुन्हा तेच सुरू होते, असे कोणी सांगितले तर डॉक्टरांनी तिथेच थबकावे.

ग्रंथींचीच हानी असेल तर त्वचा काळवंडते. किनाऱ्यावर मात्र ही खूण सहज निसटते, कारण होडीवर किंवा शेतात राबणारा माणूस उन्हाने रापलेला असतोच. म्हणून ऊन न पोहोचणारी ठिकाणे पाहावीत: तळहाताच्या रेषा, गालांची आतली बाजू, जुन्या जखमेचा वण. हिरड्यांवर फार विसंबू नये. मिश्री लावणाऱ्या बायकांच्या हिरड्या तशाही काळ्या असतात, आणि पुष्कळांचा तो जन्मजात रंग असतो. जुना फोटो मागावा, किंवा सख्ख्या भावंडाचा तळहात शेजारी धरून पाहावा. आदेशच कमी पडत असेल तर मात्र काळवंडणे दिसत नाही, त्यामुळे ते नसले म्हणून आजार नाही असे समजू नये.

पूर्वेतिहास विचारताना क्षयरोग विसरू नये. आपल्याकडे ग्रंथी निकामी करणाऱ्या कारणांत तो आजही महत्त्वाचा आहे. बाळंतपणात फार रक्त गेले होते का आणि त्यानंतर अंगावर दूध आले का, पाळी परत सुरू झाली का, हे विचारावे. घोणस चावून वाचलेल्या माणसात पियुषिका ग्रंथी पुढे कधीतरी निकामी झाल्याचे आढळते, आणि कोकणात घोणस काही परकी नाही. सर्वांत जास्त वेळ मात्र गोळ्यांवर घालवावा. दमा किंवा सांधेदुखीसाठी प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड (कॉर्टिसॉलसारखे काम करणारे औषध) बराच काळ घेऊन ते अचानक थांबवले तर स्वतःचे कॉर्टिसॉल लगेच जागे होत नाही. ‘आयुर्वेदिक आहे, अपाय नाही’ म्हणून दिलेल्या निनावी पुडीतही स्टेरॉइड असू शकते.

सकाळी आठच्या सुमारास रक्तातले कॉर्टिसॉल मोजावे. ते डेसिलिटरला 3 मायक्रोग्रॅमच्या खाली असेल तर निदान जवळजवळ पक्के. 15 ते 18 च्या वर असेल तर आजाराची शक्यता कमी. मधल्या आकड्यांसाठी सिनॅक्थेन हे अ‍ॅड्रीनल ग्रंथींना चालना देणारे इंजेक्शन 250 मायक्रोग्रॅम देऊन अर्ध्या आणि एका तासाने पुन्हा मोजतात. प्रेडनिसोलोन चालू असेल तर आकडा फसवा येऊ शकतो. सोडियम कमी आणि पोटॅशियम जास्त असणे ग्रंथींच्या हानीकडे बोट दाखवते. एसीटीएचचा, म्हणजे पियुषिका ग्रंथीकडून आदेश घेऊन येणाऱ्या संप्रेरकाचा, नमुना थंडच पोहोचावा लागतो, त्यामुळे तो गावात काढून एसटीने पाठवण्यापेक्षा रुग्णानेच प्रयोगशाळेत जाणे बरे.

रक्तदाब कोसळला आहे, उलट्या थांबत नाहीत, पोटात दुखते, बोलणे असंबद्ध झाले आहे, अशा वेळी अहवालाची वाट पाहू नये. जमल्यास रक्ताचा नमुना काढून ठेवावा आणि हायड्रोकॉर्टिसोन (औषधाच्या रूपातले कॉर्टिसॉल) 100 मिलिग्रॅम लगेच शिरेतून, शीर मिळत नसेल तर स्नायूत द्यावे. पहिल्या तासात साधारण 1 लिटर नॉर्मल सलाइन आणि साखर उतरली असेल तर ग्लुकोज द्यावे. त्यापुढे 24 तासांत 200 मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन चालू राहते.

रोजच्या उपचारात प्रौढांना दिवसाला 15 ते 25 मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन दोन-तीन भागांत दिले जाते. सर्वांत मोठा भाग सकाळी उठताच. ग्रंथींची हानी असेल तर जोडीला आल्डोस्टेरॉनची उणीव भरणारे फ्लुड्रोकॉर्टिसोन, बहुधा 50 ते 100 मायक्रोग्रॅम. अशा रुग्णाने मीठ तोडू नये. वैशाखाच्या घामाच्या दिवसांत पेजेत चिमूटभर जास्तच घालावे. क्षयासाठी रिफॅम्पिसिन चालू असेल तर ते कॉर्टिसॉल लवकर संपवते, म्हणून मात्रा वाढवावी लागते. थायरॉइडही कमी असेल तर आधी स्टेरॉइड, मग थायरॉक्सिन. हा क्रम उलटला तर जिवावर बेतू शकते. उपवासाच्या दिवशीही गोळी चुकवू नये.

ताप 38 अंश सेल्सिअसच्या वर गेला तर हायड्रोकॉर्टिसोनची मात्रा दुप्पट, 39 च्या वर गेला तर तिप्पट करावी, आणि बरे वाटल्यावर दोन-तीन दिवसांत पूर्ववत आणावी. लावणीच्या दिवसांतला ताप लेप्टोचा (उंदरांच्या मूत्रातून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचा) असू शकतो, म्हणून मात्रा वाढवूनही डॉक्टरांना दाखवावेच. गोळी घेतल्यावर अर्ध्या तासात उलटी झाली तर ती पुन्हा घ्यावी. तीही पडली तर मांडीच्या बाहेरच्या बाजूला हायड्रोकॉर्टिसोनचे 100 मिलिग्रॅमचे इंजेक्शन द्यावे आणि 108 ला फोन करावा. मुलांची मात्रा डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावी. दात काढणे, शस्त्रक्रिया, बाळंतपण यांपूर्वी संबंधित डॉक्टरांना कल्पना द्यावी.

हे इंजेक्शन, सिरिंज आणि विरघळवण्याचे पाणी एका डब्यात, कोरड्या व थंड जागी असावे, आणि ते देण्याचा सराव घरातल्या किमान दोघांनी नर्सबाईंसमोर करून ठेवावा, कारण एक जण मुंबईला असण्याची शक्यता दाट. मच्छीमाराने तसा डबा होडीवर न्यावा आणि तांडेलाला दाखवून ठेवावा. फ्लुड्रोकॉर्टिसोन तालुक्याच्या दुकानात मिळेलच असे नाही. घाटात दरड कोसळली की मालही अडतो. म्हणून मे संपण्यापूर्वी दोन महिन्यांच्या गोळ्या घरात आणून ठेवाव्यात, आणि आजाराचे नाव, गोळ्यांची मात्रा व ‘हायड्रोकॉर्टिसोन 100 मिलिग्रॅम ताबडतोब द्या’ ही ओळ लिहिलेले कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून रुग्णाच्या खिशात ठेवावे.