शालेय मंत्रिमंडळाची निवडणूक खरीखुरी घ्या

आमच्या जिल्हा परिषद शाळेत मी दर जुलैत ही निवडणूक घेते. एकच कळकळीची विनंती: हात वर करून निवड करू नका. पहिल्या वर्षी मी तेच केलं. मुलं शेजारच्याचा हात बघून आपला वर करत होती.

आधी पहिली ते सातवीची मतदार यादी भिंतीवर लावा. नाव शोधताना पहिलीतली पोरंसुद्धा वाचायला लागतात! उमेदवारांना चिन्हं द्या: चिंच, डबा, खोडरबर. खऱ्या पक्षांची चिन्हं नकोतच, घरातली भांडणं वर्गात येतात.

सगळ्यात जास्त वेळ प्रचारसभेला द्या. प्रत्येकाला दोन मिनिटं भाषण, मग मुलांचे प्रश्न. एकाने रोज खेळाचे दोन तास कबूल केले. चौथीतल्या मुलीने विचारलं, "मग गणित कधी?" तो गप्प झाला. ते दोन मिनिटांचं मौन मला नागरिकशास्त्राच्या अख्ख्या धड्याइतकं मोलाचं वाटतं.

मतदानाला पुठ्ठ्याचा आडोसा करा, डाव्या तर्जनीला स्केचपेनची खूण करा. चिठ्ठीवर शेवटी 'वरीलपैकी कोणीही नाही' हवंच. मोठ्यांना हा पर्याय 2013 पासून मिळाला आहे. मोजणी सर्वांसमोर, प्रत्येक उमेदवाराचा एक प्रतिनिधी शेजारी बसवून.

महिन्याभराने पुन्हा सभा भरवा. पाणीमंत्र्याला विचारू द्या, टाकी कितीदा धुतली?