हेरिटेज रेल्वेच्या ओपन डेसाठी (लोकांना शेड आणि इंजिनं बघायला खुली असतात तो दिवस) वाफेचं इंजिन सज्ज करायला जायचंय? मग हे वाचून जा

इंग्लंडात राहणाऱ्या मराठी मंडळींपैकी ज्यांना रेल्वेचं वेड आहे त्यांनी जवळच्या हेरिटेज रेल्वेत, म्हणजे जपून चालवलेल्या जुन्या रेल्वेत, व्हॉलंटियर म्हणून नाव द्याच. इथे हे १९५१ पासून चालत आलंय, वेल्समधली टॅलीलिन रेल्वे बंद पडायला आली होती ती हौशी लोकांनीच हातात घेऊन चालवली, आणि पुढे १९६८ ला मेन लाइनवरची वाफ संपल्यावर वेल्समधल्याच बॅरी गावच्या भंगार यार्डातून दोनशेच्या वर इंजिनं अशाच लोकांनी सोडवून आणली. आपल्या माथेरानच्या लाइनीवरचं १९०७ चं ७४० नंबरचं इंजिनसुद्धा इकडे इंग्लंडात लेटन बझर्डच्या रेल्वेत आलं, म्हणजे आपला संबंध नाही असं अजिबात नाही.

आधी कपडे. सुती बॉयलर सूट आणि स्टील टोकॅपचे बूट. नायलॉन, पॉलिस्टर काही नको, ठिणगी पडली की ते वितळून कातडीला चिकटतं. मफलर, ओढणी, अंगठी, कडं घरी ठेवा.

शेडमध्ये गेलात की सही करा आणि कोणी सांगेपर्यंत इंजिनाखाली वाकू नका. हँडब्रेक लागलाय, रिव्हर्सर (पुढे-मागे जायची दिशा ठरवणारा दांडा) मधोमध आहे, रेग्युलेटर (सिलिंडरला वाफ सोडणारा दांडा) बंद आहे, सिलिंडरचे ड्रेन कॉक (पाणी काढायच्या तोट्या) उघडे आहेत आणि 'हलवू नये'चा बोर्ड लागलाय, एवढं ड्रायव्हरला विचारून स्वतःच्या डोळ्यांनी बघा, त्यात लाज कसली.

आदल्या दिवशीचं काम राखेचं. गावाकडे बंब पेटवलाय ना? खाली राख गच्च भरलेली असली की कितीही फुंका तो धरत नाही, तसंच हे. ॲशपॅन (विस्तवाखालचा राखेचा ट्रे) रिकामा करायचा, विस्तवाच्या जाळीतले खडे काढायचे, पुढे स्मोकबॉक्समधला (चिमणीखालच्या धुराच्या कप्प्यातला) काळा भुसा फावड्याने उपसायचा. आणि स्मोकबॉक्सच्या दाराची कड नीट पुसा, तिथे खडा राहिला तर दार घट्ट बसत नाही, बाहेरची हवा आत शिरते आणि विस्तवाला ओढच मिळत नाही.

पेटवायच्या आधी बॉयलरमधल्या पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेत पाणी दिसलंच पाहिजे. फायरबॉक्सच्या (विस्तव असतो त्या पेटीच्या) छतावर पाणी नसेल तर ते छत तापून मऊ पडतं आणि पुढे काय होतं ते सांगायला नको. मग रॉकेलच्या चिंध्या, लाकडं, वर थोडा कोळसा, आणि इथे घाई करायची नाही म्हणजे नाही. लहान नॅरोगेज इंजिनालासुद्धा काही तास द्यावे लागतात, मोठ्याला तर आदल्या दिवशीच हलका विस्तव देऊन ठेवतात, कारण बॉयलरचे पत्रे आणि नळ्या एकसारख्या तापल्या नाहीत तर सांधे ताणले जाऊन गळायला लागतात.

तोवर तुम्ही पुसायला घ्या. वरून खाली यायचं. पितळ आधी उरका, ते तापलं की पॉलिश लावता लावता वाळतं (आणि समईसारखं चिंच लावून घासू नका हं, तिथे देतील तेच पॉलिश). रंगावर कोरडं फडकं कधीच नाही, कोळशाची कच रंग ओरबाडते, आधी थोडं तेलाचं फडकं आणि मग कोरडं. चाकांच्या रुळावर टेकणाऱ्या कडेला आणि ब्रेकच्या ठोकळ्यांना तेल लागता कामा नये.

हे काम हलकं समजू नका. जुन्या काळी क्लीनर, मग फायरमन (कोळसा टाकून विस्तव सांभाळणारा), मग ड्रायव्हर असा चढता क्रम होता तो उगाच नाही, पुसता पुसताच इंजिन कळतं. मागच्या वर्षी मी ब्रेकच्या दांड्या पुसत होतो, प्रत्येक खिळीशी फडकं स्प्लिट पिनच्या (खिळी निसटू नये म्हणून भोकातून घालून टोकं वाकवलेल्या तारेच्या पिनच्या) टोकांना अडकायचं आणि सोडवून घ्यावं लागायचं, एका ठिकाणी मात्र ते सरळ घसरून पुढे गेलं. वाकून बघितलं तर भोक रिकामं, पिनच नाही. ड्रायव्हरला बोलावलं, त्याने नवी पिन बसवून टोकं वाकवली आणि मगच पुढचं काम. डोळ्याला ते दिसलं नसतं, सगळं काळंच होतं तिथे.

तेल भरायला सांगितलं तर दोन कॅन असतात, सिलिंडरचं जाड आणि बेअरिंगचं पातळ, त्यांची अदलाबदल नको. बूच काढलं की त्याच्या भोवतीची घाण आत पडणार नाही ना ते बघा, म्हणजे आधी पुसा मग उघडा.

सकाळी प्रेशर आलं की इंजेक्टर (बॉयलरमध्ये पाणी ढकलणारं यंत्र) चालवून बघतात, पाण्याची काच ब्लो करतात, म्हणजे वाफ सोडून ती तुंबलेली नाही ना ते बघतात. इंजिन पहिल्यांदा हलेल तेव्हा सिलिंडरच्या बाजूला उभे राहू नका, आत साठलेलं पाणी ड्रेन कॉकमधून उकळत्या वाफेसोबत बाहेर येतं. लोक आत सोडायच्या आधी इंजिनाभोवती दोरी बांधून घ्या, लहान मुलं चकाकणाऱ्या पितळेकडे सरळ हात नेतात आणि ते तापलेलं असतं.

आणि शक्य असेल तर संध्याकाळीही थांबा. गर्दी गेल्यावर विस्तव उरकायला, बॉयलर पाण्याने भरून ठेवायला माणसं कमीच असतात.